साडेतीन टन, शंभर लिटर आणि आम्ही चौघं: युरोपातल्या पहिल्या कॅम्परव्हॅन सहलीची तयारी

आम्ही चौघं जाणार होतो: मी, नवरा प्रसाद, अकरा वर्षांची लेक आणि माझी आई. त्यामुळे भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, शोधायला बसले तेव्हा तळी-डोंगर सगळं बाजूला ठेवून मी प्रत्येक गाडीचे दोन आकडे आधी बघत होते, झोपायच्या जागा किती आणि सीटबेल्ट किती. हे दोन आकडे सारखे असतीलच असं नाही. जाहिरातीत 'चार जणांसाठी' लिहिलेलं असतं आणि आत बघावं तर पलंग दोघांचाच. बाकीच्या दोघांनी रोज रात्री जेवणाचं टेबल खाली करून त्यावर गादी अंथरायची आणि सकाळी ती उचलून परत टेबल उभं करायचं. दोन-चार दिवस हे चालतं, पुढे त्याचा वैताग येतो.

प्रसादला फोल्क्सवागनची कॅलिफोर्निया आवडली होती. चालवायला सोपी, उंची दोन मीटरच्या आत, त्यामुळे बऱ्याच शहरी पार्किंगमध्येही शिरते. पण तिच्यात उभं राहायचं तर छत उघडावं लागतं, आणि संडास नाही. अडुसष्ट वर्षांच्या आईने रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन कॅम्पसाइटच्या, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळाच्या, दुसऱ्या टोकाला चालत जावं, हे मला मान्य नव्हतं. शेवटी फियाट डुकाटो या मालवाहू व्हॅनवर बांधलेली 6.36 मीटर लांबीची गाडी ठरली. मागे लांबीत दोन पलंग, मध्ये छोटं न्हाणीघर आणि संडास, पुढे शेगडी-टेबल, आणि वर उघडणाऱ्या छतात आणखी दोघांची गादी. मागे आजी आणि नात, वर आम्ही. पट्टे चार. चालकाशेजारची सीट फिरून आतल्या बाजूला तोंड करते, ती आईची जागा. मागचा बाक ताठ असतो, तिथे आईच्या कमरेला तासाभरापेक्षा जास्त बसवलं नसतं. लेकीची उंची 138 सेंटिमीटर. ऑस्ट्रियात 135 च्या वर मुलांना वेगळी सीट लागत नाही, पण जर्मनी, इटली आणि स्लोव्हेनियात मर्यादा 150 ची. म्हणून बूस्टर सीट गाडीबरोबरच मागवली.

मार्ग असा: म्युनिकला गाडी घ्यायची, ब्रेनर खिंडीतून इटलीतलं दक्षिण टिरोल, मग गार्डा सरोवर, व्हेनिस, स्लोव्हेनियातली सोचा नदी आणि ब्लेड, परतताना ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा उंच रस्ता, आणि पुन्हा म्युनिक. म्युनिकच का, तर माझा मावसभाऊ तिथे राहतो आणि आमच्या रिकाम्या बॅगा ठेवायला त्याचं तळघर होतं. हे कारण बारीक वाटेल, पण कॅम्परमध्ये कडक सूटकेस ठेवायला जागाच नसते. सगळं सामान मऊ पिशव्यांत भरून कप्प्यांत कोंबायचं असतं.

आता वजन. कॅम्परचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते, फोटो बघण्याआधी वजनाचं गणित मांडा. आपल्याकडे हलक्या वाहनाची मर्यादा 7,500 किलो आहे. युरोपात साध्या, म्हणजे 'बी' वर्गाच्या परवान्यावर 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि या साडेतीन टनांत माणसं, पाणी, डिझेल, सामान सगळं आलं. कंपनीकडून मी गाडीच्या कागदावरचा नेमका आकडा मागवून घेतला. चालवायला तयार अवस्थेतलं वजन 3,010 किलो. यात चालकाचे 75 किलो, डिझेल, गॅस आणि थोडंसं, वीसेक लिटर, पाणी धरलेलं असतं. उरले 490. बाकी तिघांचे मिळून 180 गेले, उरले 310. बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराचे 30 आणि टेबल-खुर्च्यांचे 20 वजा केले, 260. शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरली तर आणखी 80, उरले 180. विमानातून येणाऱ्या तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा म्हणजे 92. हातात राहिले 88 किलो, त्यात किराणा, भांडी, अंथरुणं-पांघरुणं, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि वाटेत घेतलेल्या वस्तू. सायकलींचा विषय तिथेच संपला. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडकडे पोलिस कॅम्पर बाजूला घेऊन वजन करतात आणि जास्त भरलं तर दंड होतो. पण मला दंडापेक्षा घाटातल्या ब्रेकची काळजी जास्त होती.

या गणितातून एक गोष्ट लगेच ठरली. चालत्या गाडीत टाकी वीस-तीस लिटरच ठेवायची आणि मुक्कामी पोचल्यावर भरायची.

पाण्याचा हा हिशेब मी जेवणाच्या टेबलावर मांडत होते, तेव्हा आईने विचारलं, "चौघांना शंभर लिटर? दोन दिवस? अगं, भरपूर झालं की." आईचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य मनमाडला रेल्वेच्या गावात गेलं. नळाला पाणी कधी येणार, हे तिथे आठवडेच्या आठवडे एकमेकींना विचारत राहावं लागायचं. कुठलं पाणी कशाला आणि कुठलं दुसऱ्यांदा कशाला, हे तिच्या हाताला ठाऊक आहे. आम्ही नाशकात राहणारी, शॉवर सोडून दात घासणारी माणसं. म्हणून पाण्याचं खातं पूर्ण तिच्याकडे दिलं आणि तिने नियम घातले. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायची, तीही शक्यतो कॅम्पसाइटच्या सामायिक सिंकवर. अंघोळी बाहेरच्या न्हाणीघरात. पिण्याचं पाणी बाटल्यांतून, टाकीतलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी टाकायचं नाही, त्यात फडकी बुडवायची. तिने स्वतःसाठी घडी होणारी रबरी बादली आणि एक मग घेतला, कारण शॉवरखाली अंघोळ झाल्यासारखं तिला वाटत नाही. बादली मगासकट अर्ध्या किलोचीही नव्हती, आणि सगळ्या सामानात सर्वांत जास्त वापरली गेली.

सांडपाण्याचं खातं प्रसादचं. वापरलेलं पाणी गाडीखालच्या टाकीत साठतं आणि ते ठरलेल्या जाळीवरच सोडायचं. संडासाची टाकी वेगळी, साधारण अठरा-वीस लिटरची, बाहेरून दार उघडून ओढून काढायची. तिच्यात ठरावीक रसायन घालतात, आणि ती फक्त त्यासाठीच असलेल्या जागी रिकामी करतात, साध्या संडासात किंवा गटारात कधीही नाही. चौघांनी दिवसभर वापरली तर दोन दिवसही पुरत नाही. त्यामुळे आतला संडास रात्रीपुरता, असं ठरलं. प्रसादने गाडी न बघताच, व्हिडिओ पाहून, झाकण, झडप आणि नळीचा क्रम पाठ केला होता.

विजेचा अभ्यास मी केला. कॅम्पसाइटवर प्रत्येक जागेला खांब असतो, त्यावर निळा, गोल, तीन पिनांचा सॉकेट. तो किती अँपिअरचा, हे बुकिंग करतानाच विचारायचं. कुठे 16 मिळतात, कुठे 10, आणि जुन्या जागी 6 सुद्धा. सहा अँपिअर म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1,380 वॅट. घरची पंधराशे वॅटची किटली लावली की खांबावरचा एमसीबी पडणार, आणि कधी कधी त्या खांबाची पेटी कुलूपबंद असते, म्हणजे रात्री नऊला ऑफिस बंद झाल्यावर सकाळपर्यंत अंधार. म्हणून किटली घरीच राहिली. व्होल्टेज आपल्यासारखंच, त्यामुळे फक्त पिनांचे अडॅप्टर लागले. वायर न लावता मुक्काम केला तर सगळा भार आतल्या बॅटरीवर. आमची 95 अँपिअर-तासांची होती, साध्या प्रकारची, म्हणजे तिचा निम्माच वापर करावा. ते होतात साधारण 570 वॅट-तास. फ्रिज, दिवे, हीटरचा पंखा आणि मोबाईल यांत एक रात्र निघते. दुसऱ्या रात्रीचा भरवसा नाही.

गॅसबद्दल एकच गोष्ट जरा खोलात सांगण्यासारखी आहे. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूत बदलायचं थांबतं. प्रोपेन उणे 42 पर्यंत चालतं. आल्प्समध्ये मे महिन्यातही रात्री तापमान शून्याजवळ जातं, म्हणून सिलिंडर प्रोपेनचाच हवा. शिवाय प्रत्येक देशात सिलिंडरची तोंडं वेगळी, जर्मन रिकामा सिलिंडर इटलीत बदलून मिळत नाही. आम्ही सुरुवातीलाच दोन भरलेले मागितले. हीटरच्या बॉयलरलाही एक झडप असते, पारा तीन अंशांच्या आसपास उतरला की ती आपोआप उघडते आणि बॉयलरमधलं पाणी बाहेर सोडून देते, पाणी गोठून बॉयलर फुटू नये म्हणून. हे मॅन्युअलमध्ये वाचलं नसतं तर पहाटे गाडीखाली वाहणारं पाणी बघून आमची धावपळ झाली असती. डोंगरातल्या रात्री हीटर मंद चालू ठेवला आणि झडप मिटलेली राहिली.

स्वयंपाक दोन शेगड्यांवर. तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, लाटणं-पोळपाट नाही. पोळ्यांऐवजी भात, खिचडी, थालीपीठ, उपमा. वाफेचा कुकर लहान गाडीत लावायचा म्हणजे छताची खिडकी उघडी हवी आणि पंखा चालू हवा, नाहीतर काचा आणि गाद्या ओल्या. काय न्यायचं यावर मात्र घरात मोठी चर्चा झाली. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आईचं साजूक तूप, पेढे, खवा काहीच नाही. ताजा कढीपत्ताही नाही, ताज्या पाल्याचे नियम वेगळे आहेत. आईला तुपाचं सर्वांत वाईट वाटलं. मग मी तिला सांगितलं की तिथे पाव किलोची बिनमिठाची लोण्याची वडी कुठल्याही दुकानात मिळते, आपण तिथेच कढवू. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, दाण्याची चटणी, तेलावर भाजलेला उपम्याचा रवा, पोहे, मूगडाळ, आमसुलं एवढं नेलं. मेतकूट-भात दर दोन दिवसांनी झाला. गार्डाकाठच्या पहिल्याच संध्याकाळी आईने लोणी कढवलं. शेजारच्या गाडीतल्या डच आजी वास कशाचा म्हणून बघायला आल्या आणि भातावर तूप-मेतकूट घेऊनच गेल्या.

व्हिसाचं सांगते, कारण कॅम्परवाल्यांचा पेच तिथे वेगळा असतो. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाला, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो आणि आमचं घर तर चाकांवर. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. आम्ही उतरणार जर्मनीत, पण रात्री इटलीत जास्त, म्हणून अर्ज मुंबईतून इटलीसाठी. प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्ज घेत नाहीत. आम्ही मेच्या मध्यावर निघणार होतो, तर फेब्रुवारीत कागद दिले. मोठ्यांची फी 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांची 45. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. आईच्या रक्तदाबामुळे मी पॉलिसीतला आधीच्या आजारांचा भाग ओळन्‌ओळ वाचला, आणि तुम्हीही वाचा. मुक्कामासाठी गाडीच्या भाड्याची पावती आणि कॅम्पसाइटची बुकिंग्ज जोडली. कॅम्पसाइटच्या पावतीवर एकाच माणसाचं नाव असतं, बाकीचे 'अधिक तीन' असे येतात. सगळ्यांना मेल करून चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे घालून नव्या पावत्या मागवल्या. सगळ्यांनी दिल्या. एका ठिकाणच्या बाईंनी तर शिक्का मारून, सही करून स्कॅन पाठवला. सोबत एका पानाचं पत्र जोडलं: तारीख, गाव, कॅम्पसाइट, किलोमीटर. व्हिसा आला.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. 2022 पासून देशभर त्याचा एकच नमुना आहे. तो एकटा चालत नाही, मूळ परवाना बरोबर हवाच. आम्ही दोघांनी काढला, कारण एकच चालक असला की आजारपणात सगळी सहल थांबते. गाडीच्या करारातही दुसऱ्या चालकाचं नाव आधीच घालावं लागतं. आणि डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, त्यावर परदेशी व्यवहार चालू हवेत आणि मर्यादा पुरेशी हवी. पंधराशे युरो अडकणार म्हणजे रुपयांत दीड लाखाच्या जवळपास. फॉरेक्स कार्ड यासाठी बहुतेक ठिकाणी चालत नाही.

विम्यात एक जागा नीट बघा: छत आणि गाडीचा तळ. साध्या विम्यात छताचं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं, आणि कॅम्परची नुकसानी तर फांद्या आणि कमानींनीच होते. आम्ही जास्तीचे पैसे भरून ते घातलं. स्वस्त पडतं म्हणून कॅम्परच्या वाटेला कुणी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाडं, विमा, टोल, डिझेल, कॅम्पसाइट हे सगळं धरलं तर चौघांचा खर्च रेल्वे आणि हॉटेलच्या जवळपासच जातो. आईला दुपारी दोनला हवं तेव्हा आडवं होता येणं, तिच्या पथ्याचं जेवण तिच्या वेळेला मिळणं, यासाठी मी हे केलं.

मुक्कामाच्या जागांबद्दल फोटोंमुळे फार गैरसमज आहेत. तळ्याच्या काठाला मागचं दार उघडं, आत पांढरी चादर, समोर डोंगर. तसं कुठेही थांबता येत नाही, आणि येऊ नये. जर्मनीत रस्त्याकडेला एक रात्र विश्रांतीपुरतं झोपता येतं, गाडी चालवण्याइतकं ताजंतवानं व्हायला म्हणून, पण खुर्च्या मांडता येत नाहीत. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये कॅम्पसाइटबाहेर मुक्कामाला मनाई आहे. इटलीच्या वाहतूक कायद्याचं 185 वं कलम मला आवडलं. गाडी फक्त चाकांवर उभी आहे, तिच्यातून काही बाहेर सांडत नाही आणि तिने स्वतःच्या आकारापलीकडे जागा व्यापलेली नाही, तर ते पार्किंग. खुर्ची बाहेर आली की कॅम्पिंग. जी गावं या गाड्यांना कंटाळून अडसर लावतात, ती लोकांनी मागे टाकलेल्या घाणीमुळे लावतात. आई बरोबर असताना मला रोज रात्री जागा शोधत फिरायचंही नव्हतं. म्हणून सगळे मुक्काम आधी बुक केले, दोन-तीन रात्रींच्या टप्प्यांनी.

कॅलेंडर यात फार महत्त्वाचं. 2025 मध्ये 29 मेला ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती, गुरुवारी. जर्मन माणसं शुक्रवार जोडून चार दिवस गार्डाला येतात. 2 जून इटलीचा प्रजासत्ताक दिन, तो सोमवारी आला. 8 जूनला पेन्टेकोस्ट हा ख्रिस्ती सण आणि त्यानंतर बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिकच्या राज्यातल्या, शाळांना सुट्टी. या तिन्ही गर्दींच्या मधून वाट काढायची तर गार्डा 29 च्या आधी उरकायचं, 2 जूनला स्लोव्हेनियात असायचं आणि 8 च्या आत गाडी परत. लेकीची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होणार होती, तेही जमलं. कमी गर्दीच्या दिवसांत कॅम्पसाइटवर सवलत देणारं एसीएसआय या डच संस्थेचं कार्ड मिळतं, आम्ही घेतलं. या सुट्ट्यांच्या दिवसांत ते बऱ्याच ठिकाणी चालत नाही, हेही पाहून ठेवा.

गाडी चालवण्याची तयारी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली. रविवारी दुपारी जागा रिकामी होती. खडूने 6.36 मीटर लांब आणि 2.05 मीटर रुंद चौकोन आखला, आरशांसाठी दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस सेंटिमीटर जास्त. आत पलंग, शेगडी, संडास, बाक काढले. लेकीने प्रत्येकाला आपापल्या जागी उभं केलं आणि सकाळ करून दाखवायला सांगितली. कोण आधी उठणार, चहा करताना न्हाणीघराचं दार उघडलं तर कुणी सरकायचं. आई म्हणाली, "प्रसादराव, तुम्ही दोघं आधी खाली उतरून बाहेर जा. आम्ही दोघी आवरतो, मग या चहाला." पुढे रोज तसंच झालं. ती रांग खडूच्या चौकोनात ठरली नसती तर सकाळी एकमेकांच्या पायांत आलो असतो.

उजव्या बाजूने चालवण्याचा सराव इथे होत नाही, पण डोळ्यांचा होतो. जर्मन रस्त्यांचे चालत्या गाडीतून घेतलेले व्हिडिओ लावून आम्ही रोज रात्री खुणा ओळखायचो. पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा दिसला की आपला रस्ता मुख्य. तो नसेल आणि दुसरी खूणही नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना. वाहतूक तुंबली की डावीकडची रांग डावीकडे सरकते आणि बाकीच्या उजवीकडे, मधून रुग्णवाहिकेला वाट. हे वाहतूक तुंबतानाच करायचं, सायरन ऐकू आल्यावर नाही. घाटाची भीती आम्हाला नव्हती. कसाऱ्यात शिकलेलं उतारावर गिअर खाली ठेवण्याचं तंत्र ग्रोसग्लोकनरलाही तेच. 48 किलोमीटरचा हा रस्ता 1935 मध्ये खुला झाला, 36 मोठी वळणं घेत 2,504 मीटरपर्यंत चढतो. हिवाळ्यात बंद असतो, मेच्या सुरुवातीला उघडतो. माथ्यावर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, आणि आईने गाडीतून उतरून त्यातला मूठभर हातात घेतला.

टोलचं थोडक्यात. जर्मनीत साडेतीन टनांच्या आतल्या गाडीला टोल नाही. ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं व्हिन्येट, म्हणजे महामार्गाचा मुदतीचा टोल-पास, 2025 मध्ये 12.40 युरोंना होतं, पण ब्रेनरचा महामार्ग, टाउर्नचा बोगदा आणि कारावांकनचा बोगदा त्यात येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. स्लोव्हेनियाचं व्हिन्येट ऑनलाइन, नंबर प्लेटवर. इटलीत अंतराप्रमाणे तिकीट. ब्रेनरवरचा लुएग पूल जुना होऊन जीर्ण झाल्याने 1 जानेवारी 2025 पासून तिथे बरेच दिवस एकेकच रांग चालते. म्हणून आम्ही तो दिवस आठवड्याच्या मधला ठेवला आणि सकाळी लवकर ओलांडला. इटलीतल्या जुन्या शहरांच्या आत बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, लाल गोलाची पाटी आणि कॅमेरा. व्हेरोनाला गाडी बाहेर ठेवून बसने गेलो. व्हेनिससाठी फुसिनाची कॅम्पसाइट निवडली, तिथून बोट खाडी ओलांडून थेट व्हेनिसमधल्या झातेरे धक्क्याला सोडते. आईला एकही पूल चढावा न लागता व्हेनिस समोर आलं.

गाडी ताब्यात घेतानाचा दीड तास सगळ्या तयारीची परीक्षा होता. प्रसादने बाहेरून, आतून, छतावरून, खालून सगळ्याचा व्हिडिओ घेतला, प्रत्येक ओरखडा करारावर लिहून घेतला. मी प्रश्नांचा कागद घेऊन उभी. फ्यूज कुठे, गॅसची झडप कुठे, बॉयलरची झडप कुठे, डिझेलचं आणि अ‍ॅडब्लूचं (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचं) झाकण कुठलं, पायरी आत न घेता निघालो तर गाडी ओरडते का. त्या माणसाने उत्तरं दिली आणि ती मी मोबाईलवर रेकॉर्ड केली. लेकीने चालकाच्या समोरच्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवली: उंची 2.85, रुंदी आरशांसकट 2.50, लांबी 6.36. उंचीत तिने आपल्या मनाने तीन सेंटिमीटर जास्त धरले होते. निघताना मोठ्याने वाचायची यादीही तिचीच: गॅस बंद, छत बंद आणि कडी लावलेली, वायर काढली, पायरी आत, फ्रिजची कडी, आजीचा पट्टा.

पहिला मुक्काम आम्ही मुद्दाम म्युनिकजवळच, अर्ध्या तासावर ठेवला होता. काही बिघडलं तर परत जाता यावं म्हणून, आणि झोप पुरी व्हावी म्हणून. त्या संध्याकाळी वायर जोडली, टाकी भरली, हीटर लावून पाहिला, छत उघडलं-मिटलं. एक गोष्ट बिघडलेली सापडली, पाण्याचा पंप. फोन केला, तर सकाळी आठला माणूस येऊन बदलून गेला. पुढे ब्रेनरपलीकडे हे कळलं असतं तर एक दिवस गेला असता. पहिला दिवस लांब पल्ल्याचा ठेवू नका, एवढी एक गोष्ट तरी यातून घ्या. म्युनिक ते व्हेरोना सुमारे 430 किलोमीटर आहे, मोटारीला ते एका दिवसाचं. आम्ही ते तीन टप्प्यांत केलं, मध्ये दक्षिण टिरोलमधल्या ब्रिक्सनजवळ थांबून. त्यामुळे आई रोज संध्याकाळी ताज्या चेहऱ्याने बादली घेऊन उतरली.

परत देताना गाडीतलं सांडपाणी आणि संडासाची टाकी आधीच्या कॅम्पसाइटवर रिकामी करून धुतली होती, डिझेल भरलं होतं. तो माणूस टॉर्च घेऊन छताखाली, मग गाडीखाली गेला, आमचा व्हिडिओ आणि गाडी ताडून पाहिली आणि सही केली. डिपॉझिट आठवडाभरात मोकळं झालं. पुढच्या मेसाठी निघायचं असेल तर ऑक्टोबरात गाडी बघायला लागा, नोव्हेंबरात पैसे भरा, जानेवारीत कॅम्पसाइट, फेब्रुवारीत व्हिसा, मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय परवाना. आणि गाडीच्या कागदावरचा वजनाचा आकडा पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या.